शेवटचे पाच मैल : राल्फ डीपाल्मा आणि १९१२ची इंडियानापोलिस शर्यत

३० मे १९१२. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला, विटांनी फरसबंद केलेला लंबगोल ट्रॅक. दोन माणसं एका मोटारीला धक्का मारत प्रेक्षकांच्या समोरून चालली आहेत. गाडीवर ४ हा आकडा आहे. थोड्याच वेळापूर्वी ही गाडी शर्यतीत पहिली होती, आणि तीही दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीपेक्षा पाच फेऱ्यांनी पुढे. आता ती बंद पडली आहे, आणि तिच्या शेजारून इतर गाड्या सुसाट निघून जात आहेत. त्यातलीच एक, जो डॉसन या ड्रायव्हरची, काही मिनिटांनी शर्यत जिंकणार आहे.

धक्का मारणाऱ्यांपैकी एक होता ड्रायव्हर राल्फ डीपाल्मा आणि दुसरा त्याचा मेकॅनिक रूपर्ट जेफकिन्स, जो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्या क्षणाचा फोटो आजही छापला जातो, आणि त्याखाली बहुधा 'नशिबाने दगा दिला' किंवा 'खिलाडू वृत्तीचा नमुना' अशी एखादी ओळ असते. या दोन ओळींनी प्रकरण संपतं असं मला वाटत नाही. त्या दिवशी गाडीत नेमकं काय मोडलं, ड्रायव्हरच्या हातात काय उरलं होतं, त्याने काय केलं, आणि तोच बिघाड तीन वर्षांनी त्याच ट्रॅकवर त्याच माणसाच्या वाट्याला पुन्हा आला तेव्हा काय झालं, हे एकत्र ठेवून पाहिलं तर डीपाल्माची कारकीर्द वेगळी दिसते.

डीपाल्माचा जन्म १८८२चा, दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतातल्या बिकारी या गावचा. मूळ नाव राफाएले. १८९२ मध्ये कुटुंबाबरोबर तो न्यू यॉर्कला आला. आधी सायकलच्या शर्यती, मग मोटारसायकल, आणि १९०८-०९च्या सुमारास मोटारी. त्या काळच्या बऱ्याच ड्रायव्हरांची वाट हीच होती. सायकल शर्यतीतून आलेल्या माणसाला दम राखणं, वळणावर रेषा धरणं आणि पुढच्याच्या चुकीची वाट बघणं आधीपासून येत असे. डीपाल्मा आधी मातीच्या ट्रॅकवर गाजला. अमेरिकेतल्या गावोगावच्या जत्रांसाठी घोड्यांच्या शर्यतीचे मैलभराचे ट्रॅक असत. तिथे धुळीच्या लोटात मोटारी पळवायच्या, पुढचं काही दिसायचं नाही, आणि कठडा म्हणजे लाकडी कुंपण.

त्या जगातला सर्वांत मोठा माणूस होता बार्नी ओल्डफील्ड. तोंडात चिरूट, जाहिरातीची उत्तम जाण, आणि १९०३ मध्ये इंडियानापोलिसच्याच जत्रेच्या मैदानावर एका मिनिटात एक मैल धावून मिळवलेली कीर्ती. डीपाल्मा स्वभावाने त्याच्या उलट, मवाळ आणि नेटका. दोघांचं हे वैर पुढे या प्रकरणात येणारच आहे.

इंडियानापोलिसचा ट्रॅक अडीच मैलांचा. १९०९ मध्ये डांबर आणि खडीचा पृष्ठभाग उखडून माणसं मेली, तेव्हा त्यावर सुमारे ३२ लाख विटा बसवल्या. पहिली ५०० मैलांची शर्यत १९११ मध्ये झाली. ती रे हॅरूनने जिंकली, आणि डीपाल्मा सिम्प्लेक्स गाडीत सहावा आला. हॅरून एकटाच बसून पळाला होता. मागून कोण येतंय हे बघायला त्याने आरसा लावला होता. १९१२ पासून मात्र ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक बसवणं सक्तीचं झालं. म्हणून त्या फोटोत दोन माणसं आहेत.

हा शेजारचा माणूस काय करायचा, हे समजल्याशिवाय पुढचं समजत नाही. इंजिनाला तेल पोचवण्यासाठी हातपंप मारायचा. इंधनाच्या टाकीतला दाब राखायचा. टायरवर नजर ठेवायची, कारण रबर सोलवटून आतलं कापड दिसू लागलं की टायर फुटायला वेळ लागत नसे. मागून येणाऱ्या गाडीची खबर ड्रायव्हरच्या गुडघ्यावर थाप मारून द्यायची, कारण त्या आवाजात बोललेलं ऐकू येणं अशक्य. हे सगळं साडेसहा तास, उघड्या गाडीत, विटांच्या हादऱ्यात. बक्षीस मिळालं तर नाव ड्रायव्हरचं होई. अपघात झाला तर मात्र दोघांनाही होई.

डीपाल्माची गाडी मर्सिडीज होती. मालक ई. जे. श्रोडर. १९१२च्या नियमाप्रमाणे इंजिन ६०० घन इंचांपर्यंत चालत असे. मर्सिडीजचं सुमारे ५८३ घन इंचांचं होतं, म्हणजे साडेनऊ लिटर, आणि सिलिंडर फक्त चार. हा आकडा जरा नीट बघा. एकेका सिलिंडरची क्षमता जवळजवळ २.४ लिटर. आज आपल्या रस्त्यावर धावणाऱ्या मोठ्या जीपगाडीचं अख्खं इंजिन जेवढं असतं, तेवढा हा एक सिलिंडर. त्यातला पिस्टन जड, आणि पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉडही तसाच दणकट. पण हा जड गोळा दर फेऱ्याला दोनदा थांबतो आणि उलट दिशेने सुटतो. तो ताण रॉड सोसतो, आणि इंजिनाचे फेरे वाढले की ताण त्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. फेरे दहा टक्क्यांनी उतरवले तर ताण जवळपास १९ टक्क्यांनी उतरतो. लांबच्या शर्यतीतली सगळी हुशारी या हिशोबात आहे.

शर्यत सुरू झाली. २४ गाड्या होत्या. पहिल्या दोन फेऱ्या फियाटचा टेडी टेट्झलॅफ पुढे होता. तिसऱ्या फेरीत डीपाल्माने त्याला मागे टाकलं आणि तिथून पुढे १९६ फेऱ्या तो पहिला राहिला. ४९० मैल. सकाळपासून दुपार टळेपर्यंत प्रेक्षक पुढे एकच गाडी बघत होते. मागे डॉसन होता, वय अवघं २२, इंडियानापोलिसचाच रहिवासी. त्याची नॅशनल गाडीही याच शहरात बनलेली. घरचा मुलगा, घरची गाडी. पण त्या दुपारी डॉसन जिंकेल असं कोण म्हणालं असतं?

१९७व्या फेरीत मर्सिडीजचं इंजिन मिसिंग करू लागलं.

चार सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात एक सिलिंडर गेला की आवाजाची लयच बिघडते. ज्याने कधी तीन सिलिंडरवर खुरडत चाललेली गाडी ऐकली आहे त्याला तो आवाज वेगळा सांगावा लागत नाही. आतून तेल गळू लागलं. या बिघाडाचं वर्णन कुठे पिस्टनला तडा गेला असं येतं, कुठे कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेसला, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीला, भोक पडलं असं. आपल्याकडच्या गॅरेजात या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात, कारण एकीतून दुसरी होते. पिस्टन फुटला की रॉड मोकाट सुटतो, रॉड सुटला की तो गदेसारखा फिरतो आणि समोर येईल ते फोडतो. ही पेटी फुटली की तेल रस्त्यावर सांडतं. मग राहिलेल्या तीन सिलिंडरांची बेअरिंगंही कोरडी पडतात आणि इंजिन बसतं. अशा इंजिनाकडे फार वेळ नसतो.

डीपाल्मापुढे त्या घडीला तीन वाटा होत्या. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागी, जाऊन थांबायचं. तिथे काही होण्यासारखं नव्हतं, तुटलेला रॉड पाच मिनिटांत बदलता येत नाही, आणि ओतलेलं तेल त्याच भोकातून बाहेर गेलं असतं. दुसरी वाट, आहे तोच वेग ठेवायचा आणि जितकं जमेल तितकं अंतर तोडायचं. त्यात इंजिन पुढच्याच वळणावर अडकलं असतं. तिसरी वाट म्हणजे वेग एकदम उतरवून, इंजिन चुचकारत, उरलेलं अंतर रांगत पार करायचं. त्याने ही तिसरी वाट घेतली.

ती किती रास्त होती हे मी कागदावर मांडून पाहिलं. बिघाड सुरू झाला तेव्हा त्याचे सुमारे दहा मैल उरले होते. डॉसन पाच फेऱ्या मागे, म्हणजे त्याला अजून साधारण नऊ फेऱ्या मारायच्या होत्या. डॉसनच्या दिवसभराच्या सरासरीने एका फेरीला एक मिनिट ५४ सेकंद लागत होते. नऊ फेऱ्यांना सतरा मिनिटं. डीपाल्माला दहा मैल सतरा मिनिटांत कापायचे होते, म्हणजे ताशी ३५ मैल, ५६ किलोमीटर. आपली एसटीही सपाट रस्त्यावर याहून जोरात जाते. दिवसभर ताशी ८० मैलांनी पळालेल्या गाडीला शेवटची सतरा मिनिटं एवढंच करायचं होतं.

तेही झालं नाही. १९८ फेऱ्या पुऱ्या झाल्या, आणि १९९व्या फेरीत गाडी थांबली. पाच मैल बाकी होते.

शर्यतीबद्दल लिहिताना लोक इथे एक प्रश्न विचारतात : पाच फेऱ्यांची आघाडी असताना तो आधीच का नाही हळू झाला? प्रश्न बरोबर आहे, पण तो निकाल माहीत असलेल्याचा प्रश्न आहे. १९१२च्या टायरांवर ५०० मैल काढायचे म्हणजे कुठल्याही क्षणी टायर फुटणार हे गृहीत धरायचं. ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला टायर गेला तर रिमवर खुरडत पिटपर्यंत यायचं, तिथे चाक बदलायचं, आणि एवढ्यात दोन-तीन फेऱ्यांची आघाडी संपलेली असायची. रेडिओ नाही. मागचा किती जवळ आला आहे हे पिटमधल्या माणसाने धरलेल्या फळीवरून, फेरीतून एकदाच कळणार. अशा वेळी पाच फेऱ्या हा त्याच्या तिजोरीतला साठा होता, आणि तो साठा करून ठेवणं हे शहाणपणच होतं.

दोघे उतरले आणि त्यांनी धक्का मारायला सुरुवात केली. टनाहून जड गाडी, खाली विटा, साडेसहा तासांनी थकलेले हात. मुख्य सरळ रस्त्यावर हजारो लोक उभे होते, आणि ते या दोघांसाठी ओरडत होते. शेजारून डॉसन एकेक फेरी भरून काढत जात होता. शर्यत संपली तेव्हा डॉसनने फक्त शेवटच्या दोन फेऱ्या पुढे राहून ती जिंकली होती. वेळ ६ तास २१ मिनिटं, सरासरी ताशी ७८.७२ मैल, बक्षीस २०,००० डॉलर. डीपाल्माने जाऊन त्याचं अभिनंदन केलं.

अधिकृत निकालात डीपाल्मा अकरावा आहे, १९८ फेऱ्या. ढकलत आणलेली फेरी धरली नाही. बक्षिसं पहिल्या दहांना होती. दहावा आला राल्फ मलफर्ड, आणि त्याची गोष्ट या प्रकरणाच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. दहाव्या क्रमांकाचे पैसे हवे असतील तर ५०० मैल पुरे करावेच लागतील असं मलफर्डला सांगण्यात आलं. मग तो पळत राहिला, मधे जेवायलाही थांबला, आणि ८ तास ५३ मिनिटांनी रेषा ओलांडली. तोवर मैदान रिकामं होत आलं होतं. ५०० मैल पुरे करणाऱ्यांमध्ये इतका संथ शेवट दुसऱ्या कुणाचा नाही. मलफर्डच्या गाडीचं चाक फिरत होतं म्हणून त्याला बक्षीस मिळालं. डीपाल्माचं फिरत नव्हतं.

मग धक्का का मारला? रेषेपर्यंत गेल्यावरही आणखी एक पूर्ण फेरी उरणार होती हे दोघांना माहीत होतं. मला वाटतं, उत्तर त्या दिवसाच्या कामात आहे. शेजारी बसलेल्या माणसाने दिवसभर पंप मारला, मालकाने गाडी विश्वासाने दिली, आणि काम हातात घेतलं की ते जिथवर जाईल तिथवर न्यायचं. लोकांना त्यात नाट्य दिसलं. त्या दोघांना मात्र बंद पडलेली गाडी ट्रॅकच्या मधोमध टाकून चालत निघून जाणं बरं वाटलं नसावं. हा माझा अंदाज. पण त्याच वर्षीच्या पुढच्या घटनेमुळे तो मला पटतो.

ऑक्टोबर १९१२. मिलवॉकीजवळचा रस्त्यांचा ट्रॅक. २ तारखेला डीपाल्माने मर्सिडीजमधून व्हँडरबिल्ट कप जिंकला. तीन दिवसांनी ग्रँड प्राइझ शर्यत होती. शेवटच्या फेरीत तो केलेब ब्रॅगच्या फियाटला गाठत होता. ओलांडताना दोन्ही गाड्या एकमेकींना लागल्या, मर्सिडीज उडाली आणि डीपाल्मा जबर जखमी झाला. त्याला उचलून नेत असताना त्याने भोवतीच्या लोकांना सांगितलं की ब्रॅगचा दोष नाही, त्याने मला पुरेशी जागा दिली होती. शर्यत ब्रॅगने जिंकली. डीपाल्माच्या या शब्दांमुळेच ब्रॅगवर आयुष्यभराचा डाग बसला नाही. त्या वर्षीचं राष्ट्रीय अजिंक्यपद डीपाल्माचं झालं.

एवढ्यावर कुणी त्याला संत ठरवू नये. फेब्रुवारी १९१४ मध्ये सांता मोनिकाला व्हँडरबिल्ट कपची शर्यत होती. त्याआधी डीपाल्मा मर्सर कंपनीच्या संघाचा प्रमुख होता. कंपनीने त्याला न विचारता ओल्डफील्डला घेतलं, आणि डीपाल्माने राजीनामा दिला. मग जुनी मर्सिडीज घेऊन तो उतरला. मर्सर वेगाने सरस होती. शेवटाकडे डीपाल्माच्या लक्षात आलं की ओल्डफील्डचे टायर झिजले आहेत. पिटसमोरून जाताना त्याने ओल्डफील्डला दिसेल असा हात करून आपल्या माणसांना खूण केली : पुढच्या फेरीला थांबतोय. ते पाहून ओल्डफील्ड निश्चिंत झाला आणि टायर बदलायला आत गेला. डीपाल्मा थांबलाच नाही. कप त्याने नेला. मला तो हरताना जितका आवडतो, तितकाच ही चाल खेळतानाही आवडतो. माणूस नम्र होता, पण शर्यतीच्या कामात त्याला कुणी भाबडा म्हणू शकलं नसतं.

आता तो दुसरा बिघाड.

जुलै १९१४ मध्ये डीपाल्मा फ्रान्सला लियोंच्या ग्रां प्रीमध्ये वॉक्सहॉल चालवत होता. तिथे मर्सिडीजच्या नव्या साडेचार लिटरच्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक घेतले. डीपाल्माने त्यातली एक गाडी मिळवली, आणि युरोपात महायुद्ध पेटत असताना ती अमेरिकेत पोचली. इंडियानापोलिसची १९१५ची शर्यत पावसामुळे दोन दिवस पुढे ढकलून ३१ मे रोजी झाली. डीपाल्माशेजारी या वेळी लुई फॉन्टेन बसला होता. प्रतिस्पर्धी प्यूजोचा दारिओ रेस्टा. बराच वेळ दोघांची झुंज चालली, मग रेस्टाची गाडी अडचणीत आली आणि डीपाल्मा पुढे निघून गेला.

शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना मर्सिडीजचा कनेक्टिंग रॉड तुटला आणि क्रँककेसला भोकं पडली. जागा तीच, फेऱ्या त्याच. डीपाल्माला त्या क्षणी काय आठवलं असेल हे सांगायला नको. पण या इंजिनाचे तुकडे लहान होते, पिस्टन हलके होते, आणि तुटलेला रॉड मुख्य भागात अडकून बसला नाही. गाडी खडखडत, तेल सांडत, तीन सिलिंडरांवर पळत राहिली आणि रेषेपार गेली. ताशी ८९.८४ मैलांची सरासरी. हा त्या ट्रॅकवरचा विक्रम सात वर्षं टिकला. रेस्टा साडेतीन मिनिटांनी आला.

म्हणून मला इंडियानापोलिसच्या यादीत डीपाल्माच्या पुढे '१ विजय' असा आकडा लिहिलेला बघवत नाही. १९१२ आणि १९१५, दोन्ही वेळी ड्रायव्हरने एकच काम तितक्याच चांगल्या रीतीने केलं होतं. फरक पडला तो इंजिनाच्या आत, जिथे त्याचा हात पोचत नव्हता. १९१२चा रॉड अडकला, १९१५चा अडकला नाही. जिंकलेल्या शर्यतींची यादी ही बऱ्याच अंशी धातूच्या तुकड्यांची यादी असते, आणि ड्रायव्हर ओळखायचा असेल तर तो पुढे किती राहिला हे बघावं. डीपाल्मा इंडियानापोलिसला एकूण ६१२ फेऱ्या पुढे होता. हा विक्रम मोडायला साठाहून अधिक वर्षं गेली आणि अल अन्सरसारखा चार वेळचा विजेता लागला. न जिंकता १९६ फेऱ्या पुढे राहण्याचा त्याचा १९१२चा आकडा आजही कुणी ओलांडलेला नाही. डॉसनचा आकडा, विजेत्याने सर्वांत कमी फेऱ्या पुढे राहण्याचा, २०११पर्यंत टिकला. त्या वर्षी शेवटच्या वळणावर पुढची गाडी भिंतीला धडकली आणि डॅन व्हेल्डनने शेवटच्या काही शे फुटांत शर्यत जिंकली.

डॉसनचंही एक सांगायला हवं, कारण त्याला उगाच नशीबवान म्हणून मोडीत काढतात. तो दिवसभर गाडी शाबूत राखून दुसरा धावत होता, तेही कामच. १९१४ मध्ये त्याच ट्रॅकवर समोर उलटलेल्या गाडीतल्या माणसाला वाचवायला त्याने आपली गाडी वळवली, ती उलटली, आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली.

डीपाल्मा मात्र पळत राहिला. फेब्रुवारी १९१९ मध्ये डेटोनाच्या वाळूवर १२ सिलिंडरच्या पॅकार्डमधून त्याने ताशी १४९.८७५ मैल, म्हणजे २४१ किलोमीटरचा वेग गाठला. १९२० मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला. त्याच वर्षी इंडियानापोलिसला फ्रेंच बॅलो गाडीत तो पुन्हा आघाडीवर होता, आणि शेवटच्या टप्प्यात मॅग्नेटोने, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राने, दगा दिला. पाचवा आला. १९२१ मध्ये पुन्हा आघाडी, पुन्हा कनेक्टिंग रॉड, शर्यतीच्या मध्यावरच बाहेर.

१९२०च्या त्या बॅलोत त्याच्या शेजारी मेकॅनिक म्हणून भाचा पीट डीपाओलो बसला होता. १९२५ मध्ये हाच भाचा ड्युसेनबर्ग घेऊन उतरला आणि इंडियानापोलिसच्या ५०० मैलांत ताशी १०० मैलांची सरासरी ओलांडणारा पहिला ड्रायव्हर म्हणून जिंकला. त्या दिवशी ट्रॅकवर मामाही होता, बेचाळिसाव्या वर्षी. तो सातवा आला. त्यानंतर तो इंडियानापोलिसच्या शर्यतीत उतरला नाही.